सेकंदातले ५० मिलिसेकंद

तक्रार एका ओळीची होती: "नोंदी ढिगाने पडतायत." लॉगची फाइल उघडली आणि ढीग हा शब्द किती नेमका आहे ते दिसलं. मीटरकडून सिरीयल पोर्टवर दर २० मिलिसेकंदांनी एक पॅकेट येतं. म्हणजे सेकंदाला ५० ओळी, सारख्या अंतरावर. प्रत्यक्षात असं होतं:

१४:०७:३१.३१०
१४:०७:३१.३१०
१४:०७:३१.३११
(अशा एकूण ४८ ओळी, शेवटची .३१३ ची)
१४:०७:३१.३३२
१४:०७:३१.३५२
१४:०७:३२.३१०

तीन-चार मिलिसेकंदांत ४८ ओळी, मग नीट २० मिलिसेकंदांच्या अंतराने दोन, मग जवळपास साडेनऊशे मिलिसेकंद काहीच नाही, आणि पुन्हा ढीग. मोजल्या तर सेकंदाला ५० पूर्ण. एकही पॅकेट हरवलेलं नव्हतं. ओळीवरची वेळ मात्र पॅकेट आल्याची नसते, प्रोग्रामने ते वाचल्याची असते. म्हणजे पॅकेटं वेळेवर येत होती, त्यांना वेळेवर उचलणारं कोणी नव्हतं.

त्या दोन सुट्या ओळींकडे मी पहिल्या दिवशी लक्षच दिलं नाही. सगळं उत्तर तिथे होतं.

बोर्ड साधा: एका कोअरचा (एका वेळी एकच काम चालवणारा) एआरएम प्रोसेसर, लिनक्स कर्नल (सिस्टमचा गाभा) ४.१९, त्यावर आमचा एक प्रोग्राम आणि त्यात चार थ्रेड, म्हणजे पाळीपाळीने चालणारे चार कामाचे धागे. पहिला वाचक, जो पोर्टवरून पॅकेट वाचतो आणि त्यावर वेळ घालतो. दुसरा इशारा थ्रेड, जो ताजं मूल्य बघून मर्यादा ओलांडली असेल तर रिले (विजेने चालणारा स्विच) तोडतो. तिसरा लेखक, नोंदी कार्डावर लिहिणारा. चौथा स्थिती दाखवणारं छोटं वेबपान सांभाळतो आणि जुन्या फाइली दाबून लहान करतो. हाच प्रोग्राम दोन कोअरच्या बोर्डांवरही चालतो आणि तिथून एकही तक्रार नव्हती. नवी आवृत्ती पंधरा दिवसांपूर्वी गेली होती, एवढाच काय तो धागा.

आधी संशय कार्डावर गेला. एसडी कार्ड मधूनच शेकडो मिलिसेकंद अडून बसतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण वेळ वाचक थ्रेड घालतो, लेखक नंतर येतो. कार्ड कितीही अडलं तरी ओळीवरची वेळ बिघडायचं कारण नाही. मग नेटवर्क, कारण एसएसएचने (दुरून बोर्डावर कमांड टाइप करण्याची सोय) आत शिरल्यावर टाइप केलेली अक्षरं सेकंदाला एकदा घोळक्याने उमटत होती. शेजारच्या खिडकीत पिंग (बोर्डाला हाक मारून उत्तराचा वेळ मोजणारी कमांड) लावून ठेवलं तर उत्तर मिलिसेकंदाच्या आसपास, अगदी सरळ रेषेत. नेटवर्क बरं होतं. पिंगचं उत्तर कर्नल स्वतः देतो, इंटरप्टच्या (हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेल्या तातडीच्या हाकेच्या) शेपटाला लागून. त्यासाठी कुठल्याही प्रोसेसची पाळी यावी लागत नाही. एसएसएचला मात्र प्रोसेसरवर पाळी लागते. पिंग सुरळीत आणि कीबोर्ड अडखळतोय, अशी जोडी दिसली की तारा हलवत बसू नये, प्रोसेसरच्या रांगेकडे वळावं.

टॉप ही प्रोसेसरचा वापर दाखवणारी कमांड चालवली. आमचा प्रोग्राम ९५ टक्के, रिकामा वेळ शून्य, लोड ॲव्हरेज तीनच्या आसपास. लोडच्या आकड्यावर मी फार विसंबत नाही, कारण लिनक्समध्ये त्यात प्रोसेसरची वाट पाहणारे येतात तसे डिस्कवर अडून पडलेलेही येतात. पण ९५ हा आकडा इतका घट्ट होता की दहा वेळा पडदा बदलला तरी ९४.८ ते ९५.२ च्या बाहेर गेला नाही. नैसर्गिक कामाचा भार असा खिळ्याला टांगल्यासारखा राहत नाही. कोणीतरी मर्यादा घातली असली तरच तो असा दिसतो.

तरीही पुढचं पाऊल चुकलंच. वाचकाला वेळ मिळत नाही असं धरून त्याचा नाइस (साध्या थ्रेडांमधला अग्रक्रमाचा आकडा, जितका लहान तितका हक्क जास्त) ० वरून उणे १५ केला. कागदावर हा मोठा बदल आहे. साध्या थ्रेडांमधली वाटणी वजनाने होते: नाइस ० चं वजन १०२४, एकेक पायरीला ते साधारण सव्वापट बदलतं आणि उणे १५ ला २९,१५४ होतं. म्हणजे वाचकाला शेजाऱ्याच्या अठ्ठावीसपट हक्क. लॉगमध्ये फरक? शून्य. तेच ४८ आणि तेच दोन.

इथे शेड्युलर, म्हणजे प्रोसेसर कोणाला द्यायचा ते ठरवणारा कर्नलचा भाग, पाळी कशी देतो ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं उलगडणार नाही. २००७ साली लिनक्स २.६.२३ मध्ये इंगो मोलनार यांचा सीएफएस हा शेड्युलर आला आणि २०२३ मध्ये ६.६ या कर्नलपासून त्याच्या जागी ईईव्हीडीएफ बसला. हिशोबाचा गाभा दोन्हीकडे सारखा: प्रत्येक थ्रेडने प्रोसेसर किती वापरला ते वजनाने भागून मांडायचं आणि ज्याचं देणं लागतो त्याला पुढे काढायचं. एका कोअरवर सीएफएस साधारण ६ मिलिसेकंदांत सगळ्यांना एकदा फिरवायला बघतो. गर्दी वाढली तरी एकाला पाऊण मिलिसेकंदापेक्षा लहान तुकडा सहसा देत नाही. पण हे सगळं एकाच वर्गातलं भांडण आहे. त्या वर्गाच्या वर रिअल-टाइम वर्ग बसतो, १ ते ९९ प्रायॉरिटीचा. त्यातला एकही थ्रेड चालायला तयार असेल तर खालच्या वर्गाची रांग शेड्युलर उघडूनही बघत नाही. नाइस उणे १५ असो की उणे २०, फिफो (रिअल-टाइम वर्गातला प्रकार, ज्यात थ्रेड स्वतःहून थांबेपर्यंत चालतो) १ च्याही तो खालीच. मी ज्या रांगेत वाचकाला पुढे ढकलत होतो, ती रांगच अख्खी अडवून ठेवलेली होती.

हे सुचायला एका गंमतीची मदत झाली. ९५ टक्के खाणारा थ्रेड नेमकं काय करतोय ते बघायला त्यावर एसट्रेस (प्रोग्रामने कर्नलला केलेल्या मागण्या, म्हणजे सिस्टम कॉल, दाखवणारं साधन) लावलं आणि लॉग सुरळीत झाला! २० मिलिसेकंदांच्या अंतराने ओळी पडू लागल्या, एसएसएच मोकळं झालं. एसट्रेस काढलं की पुन्हा ढीग. तीनदा करून बघितलं, तीनदा तेच.

उलगडा सोपा आहे, पण त्या क्षणी अंगावर काटा आला. एसट्रेस लावलेला थ्रेड दर सिस्टम कॉलला आत जाताना आणि बाहेर येताना थांबवला जातो आणि एसट्रेसने पुढे जाऊ दिल्याशिवाय हलत नाही. एसट्रेस स्वतः साधा प्रोसेस, साध्या रांगेत पाळी मिळवणारा. म्हणजे त्या मुजोर थ्रेडला दर फेरीत सक्तीने बाजूला व्हावं लागत होतं आणि त्या फटीत बाकीचे आपली कामं उरकत होते. औषध म्हणून एसट्रेस चालवता येत नाही हे खरं, पण आजार कुठला ते त्याने दाखवलं. पडद्यावर एकच कॉल धो धो वाहत होता: शेड-यील्ड, शेड-यील्ड, शेड-यील्ड.

मग पीएस या चालू प्रोसेस दाखवणाऱ्या कमांडला थ्रेडनिहाय यादी मागितली. वर्ग, रिअल-टाइम प्रायॉरिटी आणि नाइस हे रकाने मुद्दाम मागावे लागतात, एरवी ते दिसत नाहीत. सगळ्यांपुढे टीएस (साधा वर्ग), एकापुढे एफएफ (फिफो) आणि ८०. तो इशारा थ्रेड. टॉपमध्ये थ्रेडनिहाय बघितलं असतं तर पीआर रकान्यात उणे ८१ दिसलं असतं. फिफो ८० तिथे उणे एक वजा ऐंशी असा छापला जातो, आणि ९९ असेल तर आकड्याऐवजी नुसतं आरटी.

कोडमधला बदल चार ओळींचा निघाला. आधी इशारा थ्रेड कंडिशन व्हेरिएबलवर (दुसऱ्या थ्रेडने उठवेपर्यंत झोपण्याची सोय) झोपायचा. वाचकाने नवं पॅकेट ठेवलं की उठायचा. "उठायला वेळ लागतो" म्हणून नव्या आवृत्तीत झोप काढून टाकली होती आणि वाचकाचा झेंडा (नवं पॅकेट आल्याची खूण) वर होईपर्यंत फिरत राहायचं, दर फेरीत शेड-यील्ड म्हणायचं, असं केलं होतं. लिहिणाऱ्याची समजूत अशी, की शेड-यील्ड म्हटलं की दुसऱ्याला पाळी मिळते. फिफो वर्गात शेड-यील्डचा अर्थ एवढाच: माझ्याच प्रायॉरिटीच्या रांगेत मला शेवटी टाका. ८० च्या रांगेत हा एकटाच. शेवटी गेला तरी पहिलाच.

आता चक्र पूर्ण होतं. इशारा थ्रेड वाट बघतोय वाचकाने झेंडा वर करण्याची. वाचक वाट बघतोय प्रोसेसरची. आणि प्रोसेसर धरून बसलाय इशारा थ्रेड. हे कायमचं कुलूप व्हायला हवं होतं, बोर्ड ठप्प पडायला हवा होता. पडला नाही, कारण या ४.१९ कर्नलमध्ये एक सुरक्षा झडप आहे: रिअल-टाइम वर्गाला दर १० लाख मायक्रोसेकंदांत जास्तीत जास्त ९ लाख ५० हजार मायक्रोसेकंद. ही मर्यादा संपली की तो वर्ग उरलेला वेळ बाजूला बसवला जातो. हे दोन्ही आकडे प्रॉक या (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या) फोल्डरखालच्या कर्नल सेटिंगांमध्ये साध्या फाइलींत असतात. ९५ टक्क्यांचा खिळा तो हा. आणि त्या ढिगानंतरच्या दोन नीट ओळी म्हणजे उरलेल्या ५० मिलिसेकंदांची खिडकी: ती उघडताच साठलेली पॅकेटं भराभरा वाचली जायची, मग खिडकी मिटेपर्यंत २० मिलिसेकंदांच्या अंतराने आणखी दोन यायची. सगळा बोर्ड सेकंदातले ५० मिलिसेकंद जगत होता.

झडप पहिल्यांदा बसते तेव्हा कर्नल आपल्या लॉगमध्ये "आरटी थ्रॉटलिंग ॲक्टिव्हेटेड" अशी ओळ टाकतो. पण बूटनंतर एकदाच. पंधरा दिवस चाललेल्या बोर्डावर ती ओळ नव्या संदेशांखाली केव्हाच वाहून गेली होती. रीबूट करून बघितलं तेव्हा प्रोग्राम सुरू झाल्यावर काही सेकंदांत ती हजर.

वॉचडॉग (ठरावीक वेळात टिचकी मिळाली नाही तर बोर्ड रीसेट करणारी यंत्रणा) का नाही चावला, हाही प्रश्न आला. हार्डवेअर वॉचडॉगला १५ सेकंदांत एकदा टिचकी लागते आणि ५० मिलिसेकंदांत ती आरामात मारता येते. वॉचडॉगच्या दृष्टीने बोर्ड ठणठणीत होता.

तर्क जुळला म्हणजे सिद्ध झालं असं नाही. म्हणून ९,५०,००० ऐवजी ८,००,००० लिहिलं. हिशोबाने आता ८०० मिलिसेकंदांत ४० पॅकेटं साठायला हवीत आणि २०० च्या खिडकीत १० नीट यायला हवीत. लॉगमध्ये ४० चा ढीग आणि १० सुट्या. मग चर्ट या वर्ग बदलणाऱ्या कमांडने चालत्या प्रोग्राममध्येच त्या थ्रेडला साध्या वर्गात आणलं. त्याच क्षणी ओळी सरळ झाल्या. गंमत अशी, की टॉपमध्ये प्रोसेसर अजूनही पूर्ण भरलेलाच दिसत होता, कारण थ्रेड फिरतच होता. पण साध्या वर्गात तो आपला वाटा खाऊन झाला की मागे पडतो आणि झोपेतून उठलेल्याला लगेच पुढे जाऊ देतो. प्रोसेसर किती टक्के वापरला यावरून खातंय कोण ते कळतं, उपाशी कोण आहे ते कळत नाही.

एक सावधगिरी: त्या सेटिंगमध्ये उणे १ लिहिलं की झडपच निघते. एका कोअरच्या बोर्डावर असा फिरणारा फिफो थ्रेड असताना ते करून बघू नका. एसएसएच तर जाईलच, वॉचडॉग नसेल तर वीज तोडण्यावाचून इलाज उरणार नाही.

उपाशी कोण होतं, हे मात्र मला वाटलं होतं तसं निघालं नाही. प्रॉकमध्ये प्रत्येक थ्रेडची शेडस्टॅट नावाची फाइल असते, त्यात तीन आकडे: किती नॅनोसेकंद प्रोसेसरवर चालला, किती नॅनोसेकंद चालायला तयार असूनही रांगेत उभा राहिला, आणि किती वेळा पाळी मिळाली. चर्टने थ्रेड पुन्हा फिफोवर टाकला, दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचून वजाबाकी केली. वाचकाचं रांगेत थांबणं अगदी किरकोळ! जो उपाशी मरतोय असं आम्ही धरून चाललो होतो, तो रांगेत नव्हताच; तो रीड कॉलमध्ये शांत झोपलेला होता.

कारण सिरीयल पोर्टची वाट मधल्या एका पायरीतून जाते. बाइट आला की इंटरप्ट तो हार्डवेअरच्या छोट्या फिफोतून (इथे फिफो म्हणजे बाइट साठवणारी रांग) काढून कर्नलच्या बफरमध्ये ठेवतो. इंटरप्ट सगळ्यांच्या वर, त्याला कोणी अडवत नाही, म्हणून बाइट हरवत नव्हते. पण त्या बफरमधून पुढे टीटीवायच्या थरात (प्रोग्राम जिथून सिरीयलचा डेटा वाचतो तो कर्नलचा भाग) माल पोचवायचं काम केवर्कर नावाचा कर्नल थ्रेड करतो, आणि तो साध्या वर्गातला, नाइस शून्यचा. माल पोचला तरच वाचक जागा होतो. केवर्करची शेडस्टॅट काढली: दहा सेकंदांत चालला ४१ मिलिसेकंद, रांगेत उभा ९.४ सेकंद. घोडं तिथे पेंड खात होतं. वाचकाचा नाइस बदलून काही होईना, याचं दुसरं कारण हे. झोपलेल्याला रांगेत पुढे घालून काय उपयोग?

केवर्कर अडला तरी माल मावत होता, तोही हिशोब बघण्यासारखा आहे. पॅकेट ३२ बाइटांचं, ९५० मिलिसेकंदांत ४७ पॅकेटं, म्हणजे १,५०४ बाइट. कर्नलच्या त्या मधल्या बफरमध्ये याहून कितीतरी जास्त जागा असते. माल मावला नसता तर ढिगांबरोबर गळतीही सुरू झाली असती, आणि मग आम्ही आठवडाभर केबल आणि बॉड-रेटच तपासत बसलो असतो. कर्नल रिअल-टाइम पॅचचा असता तर आणखी वेगळं: तिथे इंटरप्टची बहुतेक कामंसुद्धा फिफो ५० च्या थ्रेडांत चालतात. ८० वर फिरणाऱ्याने तीही थोपवली असती आणि हार्डवेअरचा फिफो भरून बाइट सांडले असते.

दोन कोअरच्या बोर्डांवर काही का दिसलं नाही? तिथे इशारा थ्रेड एक कोअर गिळून बसायचा आणि बाकी सगळे दुसऱ्यावर चालायचे. शिवाय ५.१० च्या आधीच्या कर्नलमध्ये रिअल-टाइम वर्गाला एका कोअरची मर्यादा संपली तर दुसऱ्या कोअरचा न वापरलेला वेळ उसना मिळायचा, त्यामुळे झडप बसायचीच नाही. ५.१० पासून ही उसनवारी मुळात बंद असते. चाचणी अर्थातच आठ कोअरच्या मशीनवर झाली होती. तिथे असल्या थ्रेडचा पत्ता पंख्याच्या आवाजावरूनच लागला तर लागायचा.

या प्रकाराने सगळ्यात मोठं नुकसान लॉगचं नव्हतंच. ज्याला सगळ्यांच्या वर बसवलं होतं तो इशारा थ्रेडच सेकंदाला एकदा जागचा हलत होता. मर्यादा ओलांडल्यावर रिले काही मिलिसेकंदांत तुटावा म्हणून ८० दिले, आणि तो तुटायला सेकंद लागू लागला. झोपायचा तेव्हाच तो जास्त चपळ होता: त्याच बोर्डावर कंडिशन व्हेरिएबलवरून जागं व्हायला दोनशे मायक्रोसेकंदांपेक्षा कमी लागतात.

पहिली दुरुस्ती म्हणजे फिरणं काढून झोप परत आणणं. ढीग गेले. पण आता ऑसिलोस्कोपवर इनपुटचा पिन आणि रिलेचा पिन शेजारी लावून बघत होतो, म्हणून दुसरं दुखणं दिसलं: बहुतेक वेळा अंतर काही मिलिसेकंदांचं, पण दर काही मिनिटांनी एखादं तीनशे-चारशेचं. हे जुन्या आवृत्तीतही असणार; कोणी मोजलं नव्हतं.

इथे गुन्हेगार लॉक. ताजं मूल्य आणि लिहायच्या नोंदी एकाच म्युटेक्सखाली (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं लॉक) होत्या. लेखक थ्रेड ते म्युटेक्स धरून नोंदी फाइलमध्ये टाकायचा आणि लॉक हातात असतानाच एफसिंक (डेटा खरोखर कार्डावर उतरेपर्यंत थांबणारा कॉल) करायचा. त्याच वेळी इशारा थ्रेडला मूल्य हवं असेल तर ८० ची प्रायॉरिटी घेऊन तो दारात उभा. आणि लेखकाचा नाइस कोणीतरी ५ ठेवलेला, "लिहिण्याची घाई नाही" म्हणून. नाइस ५ चं वजन ३३५. चौथा थ्रेड फाइली दाबत असेल तर त्याचं १०२४. म्हणजे लॉक धरलेल्या लेखकाला प्रोसेसरचा जेमतेम पाव हिस्सा, आणि लॉक चौपट वेळ अडकलेलं. फिफो ८० चा थ्रेड प्रत्यक्षात नाइस ५ च्या वेगाने चालत होता.

यालाच प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात आणि त्याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण पृथ्वीवरचं नाही. १९९७ च्या जुलैमध्ये मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान मधूनच स्वतःला रीसेट करू लागलं. हवामानाचा डेटा गोळा करणारं खालच्या प्रायॉरिटीचं काम एक म्युटेक्स धरायचं, मधल्या प्रायॉरिटीचं संपर्काचं काम त्याला मागे सारायचं, आणि त्या म्युटेक्सची वाट बघणारं वरचं काम वेळेत पुरं झालं नाही म्हणून वॉचडॉग यान रीसेट करायचा. त्यावरच्या व्हीएक्सवर्क्स या ऑपरेटिंग सिस्टममध्ये म्युटेक्सला प्रायॉरिटी इनहेरिटन्सची सोय होतीच, फक्त चालू केलेली नव्हती; ती पृथ्वीवरून चालू केली गेली.

लिनक्समध्येही ती तशीच, मागावी लागते. म्युटेक्स बनवताना त्याच्या ॲट्रिब्यूटमध्ये प्रोटोकॉल इनहेरिट असा द्यायचा. मग ८० वाला दारात आला की आत असलेल्या लेखकाला लॉक सोडेपर्यंत ८० मिळतात आणि फाइली दाबणारा आपोआप बाजूला होतो. हे केलं आणि तीनशे-चारशेची टोकं कमी झाली. गेली नाहीत. कारण एफसिंकमध्ये लेखक प्रोसेसर मागतच नाही, तो कार्डाची वाट बघत झोपलेला असतो, आणि झोपलेल्याला ८० दिले काय नि ९९ दिले काय, कार्ड त्याने लवकर लिहीत नाही. इनहेरिटन्सवर लोक फार भरवसा ठेवतात. तो प्रोसेसरच्या भांडणापुरताच कामाचा आहे.

खरी दुरुस्ती म्हणजे लॉकखाली फक्त नोंदींची नक्कल करायची, लॉक सोडायचं आणि मग निवांत लिहायचं. लॉक धरण्याचा वेळ शेकडो मिलिसेकंदांवरून काही मायक्रोसेकंदांवर आला. इनहेरिटन्स तरी ठेवलाच. नक्कल करतानाही मध्येच पाळी जाऊ शकते.

याच तपासात दोन लहान गोष्टी सापडल्या. मर्यादा ओलांडली की इशारा थ्रेड निरोप पाठवायला एक बाहेरची स्क्रिप्ट सुरू करायचा, आणि तिलाही फिफो ८० मिळत होते, कारण मुलाला बापाचा वर्ग वारशाने मिळतो. ऐन इशाऱ्याच्या वेळी एक शेल सगळ्यांच्या वर बसायचा. वर्ग ठरवताना रीसेट-ऑन-फोर्क हा झेंडा लावला की वारसा तुटतो. दुसरी उलटी: इशारा थ्रेड बनवण्याचं काम आता आम्ही ॲट्रिब्यूटमधून करायला गेलो, तर फिफो लागेचना, आणि एररही नाही. थ्रेडचं ॲट्रिब्यूट मुळात इनहेरिट-शेड असतं, म्हणजे बनवणाऱ्याचाच वर्ग घेतं. एक्स्प्लिसिट-शेड म्हटल्याशिवाय तुम्ही दिलेला आकडा तो मुकाट टाकून देतो. म्हणून पीएसमध्ये डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुठल्याच थ्रेडचा वर्ग खरा धरू नये.

वाचकालाही रिअल-टाइममध्ये घ्यावं असं एकदा सुचवलं गेलं. घेतलं असतं तरी त्याच्या मागे केवर्कर साध्याच वर्गात राहणार होता. साखळीत एक कडी साध्या रांगेत असेल तर बाकीच्यांना कितीही वर चढवा, वेग त्या कडीचाच. त्यापेक्षा रांग हलकी केली: फाइली दाबणाऱ्या थ्रेडला नाइस १५, लेखकाला ५ होतेच. केवर्कर बहुतेक वेळ झोपेतच असतो, त्यामुळे उठला की त्याचं देणं बाकी असतं आणि लगेच पाळी मिळते.

चाचणीत एक पायरी वाढली: एकच सीपीयू दिलेल्या व्हर्च्युअल मशीनवर प्रोग्राम तासभर चालवायचा, दोन पॅकेटांच्या वेळेत ४० मिलिसेकंदांपेक्षा जास्त अंतर दिसलं तर बिल्ड नापास. आठ कोअरच्या मशीनवर टास्कसेटने सगळे थ्रेड एका कोअरला बांधूनही बघितलं होतं. बिघडलेली आवृत्ती तिथे ढीगसुद्धा पाडेना, सरळ गोठली, कारण त्या मशीनचा कर्नल जुना होता आणि फिरणारा थ्रेड शेजारच्या सात कोअरचा वेळ उसना घेऊन झडप चुकवत होता.

ऑसिलोस्कोपवर चोवीस तासांत पिन ते रिले हे सगळ्यांत मोठं अंतर ६ मिलिसेकंद आलं. नवी आवृत्ती एका कोअरच्या बोर्डांबरोबर दोन कोअरच्या बोर्डांवरही गेली, जिथून कधी कोणी तक्रार केली नव्हती. तिथे प्रोसेसरचा वापर ५० टक्क्यांच्या वरून ४ टक्क्यांवर आला आणि ज्या हीटसिंकला बोट लावता येत नव्हतं ते कोमट झालं.